चालत्या कॉम्प्युटरवर अपडेट करताना या चुका टाळा

विंडोजच्या अपडेटच्या पानावर चार निराळ्या गोष्टी एकत्र येतात: दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी (आपल्याकडे रात्री उशिरा) येणारे सुरक्षा अपडेट, वर्षातून एकदा येणारी नवी आवृत्ती, ड्रायव्हर (प्रिंटर, आवाज यांसारखी उपकरणे चालवणारे सॉफ्टवेअर) आणि काही लॅपटॉपवर बायोस (मदरबोर्डवरचे, कॉम्प्युटर सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर). यांतले सुरक्षा अपडेट न चुकता घ्या. बाकीच्या तिन्हींना ठोस कारण हवे.

सगळेच अपडेट बंद करणे. एकदा त्रास झाला की अनेक जण अपडेटची सेवाच बंद करून टाकतात. मग सुरक्षेची भोके उघडीच राहतात. त्यापेक्षा 'पॉज अपडेट्स' वापरा. परीक्षा किंवा रिटर्न भरायचे दिवस गेले की ते काढा.

नवी आवृत्ती पहिल्याच आठवड्यात टाकणे. ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 ची 1809 आवृत्ती आली. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवले होते, पण काही फाइल जुन्याच जागी ठेवल्या होत्या, त्यांच्यापैकी काहींच्या त्या फाइल अपग्रेडमध्ये पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांत वितरण थांबवले आणि नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा दिली. महिनाभर थांबलेल्यांना काहीच झाले नाही. विंडोज अपडेटच्या पानावर 'गेट द लेटेस्ट अपडेट्स…' हे बटण असते, ते बंद ठेवा.

मोठ्या अपग्रेडनंतर मागे फिरायला साधारण 10 दिवस मिळतात: सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी, गो बॅक. जागा कमी पडते म्हणून त्या काळात डिस्क क्लीनअपमधून 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' पुसू नका. ते गेले की परतीची वाटही गेली.

ड्रायव्हर शोधून देणारी सॉफ्टवेअर वापरणे. ही सरळ काढून टाका. प्रिंटर छापतोय, आवाज येतोय, तर नव्या ड्रायव्हरची गरज नाही. 'ऑप्शनल अपडेट्स'मधल्या ड्रायव्हरवरही उगाच खूण करू नका. नव्या ड्रायव्हरने बिघाड झालाच तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. हे बटण फिकट दिसत असेल तर जुना ड्रायव्हर साठवलेला नाही. तो उपकरणाच्या कंपनीच्या साइटवरून घ्यावा लागेल.

बायोस हौसेने बदलणे. हे सर्वांत धोक्याचे. नवा बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर मदरबोर्ड सुरूच न होण्याची भीती असते. नवा प्रोसेसर ओळखायला किंवा कंपनीने सांगितलेली सुरक्षा त्रुटी बुजवायलाच ते करा. डेस्कटॉपला यूपीएस हवा, लॅपटॉपला चार्जर आणि भरलेली बॅटरी. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) चालू असेल तर आधी 'सस्पेंड' करा आणि 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बायोस बदलल्यावर सुरू होतानाच ती मागितली जाऊ शकते.

एकाच संध्याकाळी सगळे बदलणे. विंडोज, ड्रायव्हर, अँटिव्हायरस एकदम बदलले तर बिघाड कशाने झाला ते कळत नाही. एका वेळी एकच बदल करा, दोन दिवस वापरा, मग पुढचा. प्रत्येकाआधी रिस्टोअर पॉइंट (विंडोजच्या सेटिंगची परत जाता येईल अशी नोंद) करा. मात्र त्यात फोटो आणि कागदपत्रे जपली जात नाहीत, त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी घ्या.

गरजेचे अपग्रेडही टाळत राहणे. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत (ईएसयू) नाव नसलेल्या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका. तिथे अपग्रेड करायलाच हवे.