बोटीच्या डिझेलमध्ये पाणी शिरलंय? आधी टाकीचा तळ बघा

उजनी धरणाच्या फुगवट्यात इंजिन फटफटायला लागलं, पांढरा धूर टाकून बंद पडलं, की हात पहिला फिल्टरवर जातो. फिल्टर बदलाच, पण टाकीच्या तळाशी पाणी असेल तर नव्याचीही तीच गत होते.

पाणी येतं कुठून? झाकणाचं फाटलेलं रबर, ओला कॅन, आणि अर्धी रिकामी टाकी. सोलापूरकडच्या हिवाळ्यात दुपार तापते, पहाट गारठते. टाकीतल्या हवेतली वाफ आतून पत्र्याला दव धरते. त्यामुळे बोट लावतानाच टाकी भरून ठेवलेली बरी.

बोट रात्रभर उभी राहू द्या. लिटरभर डिझेल साधारण 840 ग्रॅम भरतं, पाणी जड, ते खाली बसतं. सकाळी इंजिनला हात लावण्याआधी टाकीचा तळाचा बोल्ट आणि फिल्टरच्या वाटीखालचा कॉक सैल करून पारदर्शक बाटलीत थोडं थोडं काढा. बाटलीत रेघ दिसली तर खालचं पाणी. रेघेवर काळी बुळबुळीत घाण असली, तर डिझेलमध्ये बुरशी-जिवाणू वाढलेत. मग टाकी उपसून धुवायलाच हवी.

आता फिल्टर. टाकीचा कॉक बंद करा, खाली डबा धरा, जुना फिल्टर सोडवा. त्याची रबर रिंग बऱ्याचदा वरच चिकटून राहते. हाताचं बोट फिरवून बघा, नाहीतर दोन रिंगा बसतात आणि इंजिन एअर धरतं, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरते. नव्या रिंगला डिझेल लावा, फिल्टर टेकल्यावर हातानंच पाऊण फेरा आवळा. पाना नको. इंजिनवरच्या बारीक फिल्टरमध्ये बसवण्याआधी कॅनमधलं डिझेल ओतू नका, ते गाळल्याशिवाय थेट पंपात जातं.

मग एअर काढायची. टाकीचा कॉक उघडा, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहा. आधी फेस येईल. अखंड धार लागली की पंप मारतानाच स्क्रू आवळा. स्टार्टर एका दमात 10-15 सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका. सायलेन्सरमध्ये थंडाव्याचं पाणी सोडणारं इंजिन असेल तर जास्त फिरवताना बाहेरच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, नाहीतर ते पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. इंजिन पेटताच व्हॉल्व्ह उघडा.

काढलेलं डिझेल कॅनमध्येच. धरणात एक थेंबही नको, सोलापूर शहर हेच पाणी पितं. धक्क्यालाच पंधरा मिनिटं इंजिन चालवा आणि वाटी पुन्हा बघा.