महाराष्ट्राचे जिल्हे कसे फुटत गेले, हे हलत्या नकाशावर दाखवायचंय? मग हे वाचा

बदलता नकाशा करायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, सॉफ्टवेअर कुठलं? खरं सांगू का, सॉफ्टवेअर हा त्यातला सोपा भाग आहे, सगळी कसरत मागच्या टेबलात, म्हणजे माहितीच्या तक्त्यात असते. उदाहरण घरचंच घेऊ. १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत.

आधी क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) टाका, फुकट आहे, फक्त ३.१४ किंवा त्यापुढचं घ्या कारण टेम्पोरल कंट्रोलर (तारखेनुसार नकाशा हलवणारी सोय) तिथून पुढेच मिळतो. मग हद्दींची फाइल, पण जिल्ह्यांची नको, तालुक्यांची घ्या. कारण असं की जालना १९८१ ला औरंगाबादमधून निघाला असं आपण सरसकट म्हणतो पण त्यात परतूर तालुका परभणीकडून आला होता, म्हणजे नुसते आजचे जिल्हे जोडत मागे गेलात की जुना परभणी चुकलाच. (तालुकेसुद्धा नंतर फुटलेत, त्यामुळे जुनं गॅझेटियर शेजारी उघडं ठेवा, कंटाळा येईल पण इलाज नाही.) तालुके सिलेक्ट करून डिझॉल्व्ह केलं (मधल्या हद्दी पुसून एकच आकार केला) की जुन्या जिल्ह्याचा आकार मिळतो.

आता टेबल. प्रत्येक ओळीत नाव, कधीपासून, कधीपर्यंत. जिल्हा फुटला की जुनी ओळ तिथेच बंद करायची आणि नव्या ओळी उघडायच्या, जुन्या ओळीत खाडाखोड करायची नाही. म्हणजे मोठा रत्नागिरी १९६०-०५-०१ ते १९८१-०५-०१, मग त्याच तारखेपासून छोटा रत्नागिरी एक ओळ आणि सिंधुदुर्ग दुसरी. नुसतं नाव बदललं तरी नवी ओळ करा, कुलाब्याचा रायगड १९८१ लाच झाला, आकार तोच. आणि हो, हे कॉलम डेट टाइपचे हवेत, टेक्स्ट असतील तर पुढे सेटिंगमध्ये ते दिसतच नाहीत आणि माणूस डोकं धरून बसतो.

मग लेयरच्या (नकाशावर चढवलेल्या या जिल्ह्यांच्या थराच्या) प्रॉपर्टीजमध्ये टेम्पोरल टॅब, तिथे सुरुवात आणि शेवट वेगळ्या फील्डमध्ये आहेत असा पर्याय निवडा, आणि लिमिटमध्ये सुरुवात धरा, शेवट वगळा, नाहीतर १ मे १९८१ ला जुना नवा दोन्ही रत्नागिरी एकमेकांवर बसतील. जो जिल्हा अजून आहे त्याचा शेवट रिकामा सोडला तरी चालतो. व्ह्यू मेनूतून टेम्पोरल कंट्रोलरचं पॅनल उघडा, स्टेप एक वर्ष, प्ले.

पहिली एकवीस वर्षं हद्दी हलतच नाहीत, बघणारा तेवढ्यात निघून जातो. १९८० पासून सुरू करा. पुढे १९८२ ला लातूर आणि गडचिरोली, १९९० ला मुंबई उपनगर, १९९८ ला वाशिम नंदुरबार, १९९९ ला हिंगोली गोंदिया, आणि मग थेट २०१४ चा पालघर.

इथून एक्सपोर्ट केलं की नुसत्या चित्रांची रांग मिळते. लोकांना स्वतः स्लायडर सरकवता यावा असं हवं असेल तर लेयर जिओजेसनमध्ये (वेबवर चालणाऱ्या नकाशा-फाइलच्या प्रकारात) काढा, मॅपशेपर या हद्दी हलक्या करणाऱ्या टूलमध्ये टाकून सिम्प्लिफाय करा (ते शेजाऱ्यांची सामाईक हद्द एकत्रच सरळ करतं, त्यामुळे मध्ये फटी पडत नाहीत) आणि लीफलेटचं (वेबपानावर नकाशा दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) टाइमलाइन प्लगइन लावा. त्याला प्रत्येक आकारात स्टार्ट आणि एंड लागतात, रिकामं नको, म्हणून चालू जिल्ह्यांना आजची तारीख द्या. थोडं जावास्क्रिप्ट लिहावं लागतं, प्लगइनसोबतची उदाहरणं बघून जमतं. केपलर या दुसऱ्या नकाशा-टूलमध्ये कोड लागत नाही, पण ते भूकंपासारख्या एका तारखेच्या ठिपक्यांना छान, जिल्ह्यांसाठी मी तरी वापरणार नाही.

तयार झालेलं वेबपान स्वतःच्या कॉम्प्युटरवर डबल क्लिक करून उघडलं आणि नकाशा कोरा दिसला तर घाबरू नका, ब्राउझर अशी शेजारची डेटा फाइल वाचू देत नाही, गिटहब पेजेसवर (वेबपानं ठेवायची जागा) फुकट चढवा आणि तिथून बघा.