'डिस्कस अबाउट' ते 'अन्टिल यू डोन्ट': इंग्रजी क्रियापदांच्या या चुका टाळा

स्पेलिंग चुकलं की कॉम्प्युटर लगेच लाल रेघ ओढतो. 'वी डिस्कस्ड अबाउट द सॅलरी' हे वाक्य मात्र बहुतेक वेळा तसंच निसटतं, आणि वाचणारा मराठी असेल तर त्यालाही त्यात काही खटकत नाही. खटकणार तरी कसं? आपण पगाराबद्दल चर्चा करतो, तेव्हा 'बद्दल'साठी 'अबाउट' आलं. मराठीच्या हिशेबाने वाक्य चोख आहे. इंग्रजीत ते चूक आहे, कारण 'डिस्कस' या क्रियापदाला थेट कर्म लागतं: 'वी डिस्कस्ड द सॅलरी'.

नोकरीचे अर्ज, ऑफिसचे मेल, परदेशी विद्यापीठांना लिहिलेली पत्रं यांत सगळ्यात जास्त सापडतात त्या अशाच चुका. हुशार, भरपूर वाचणारी माणसंही त्या करतात. त्यांची जी कारणं आहेत ती शाळेत फारशी कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

प्रत्ययाचं भाषांतर करू नका

'वर' म्हणजे ऑन, 'मध्ये' म्हणजे इन, 'ला' म्हणजे टू, 'पासून' म्हणजे फ्रॉम, अशी यादी आपण पाठ केलेली असते. टेबलावरचं पुस्तक आणि खोलीतला माणूस यांच्यापुरती ती उपयोगी पडते. पुढे नाही. मराठीतच बघा: आपण कुत्र्याला घाबरतो, भावावर रागावतो, मित्राशी भांडतो. प्रत्यय कोणता लागणार हे इथे क्रियापद ठरवतं, आणि लहानपणापासून कानावर पडल्यामुळे आपण कधी अडखळत नाही. इंग्रजी क्रियापदंही आपापला शब्द ठरवतात, पण ती निवड त्यांची स्वतःची असते. त्यामुळे 'अँग्री ऑन मी' नाही, 'अँग्री विथ मी'. 'अफ्रेड फ्रॉम' नाही, 'अफ्रेड ऑफ'. गणितात हुशार असलेली मुलगी 'गुड ॲट मॅथ्स' असते, 'गुड इन' नव्हे. आरोप करण्याची तीन क्रियापदं घ्या: 'अक्यूज ऑफ', 'चार्ज विथ', 'ब्लेम फॉर'. अर्थ जवळजवळ तोच, तरी प्रत्येकाची प्रीपोझिशन, म्हणजे ऑन, ऑफ, विथ असा जोडणारा शब्द, वेगळी. यात तर्क शोधत बसू नका. क्रियापद आणि त्याची प्रीपोझिशन मिळून एकच शब्द आहे असं समजून पाठ करा.

नामाला लागते, क्रियापदाला नाही

हा मुद्दा नीट समजला की चुकांचा एक मोठा गठ्ठा एकदम कमी होतो. इंग्रजीत अनेकदा एकच शब्द, किंवा एकाच घरातले दोन शब्द, नाम म्हणून येतात तेव्हा प्रीपोझिशन घेतात आणि क्रियापद म्हणून येतात तेव्हा ती टाकून देतात. 'अ डिस्कशन अबाउट फीज' बरोबर, पण 'डिस्कस फीज'. 'एम्फसिस ऑन क्वालिटी', पण 'एम्फसाइझ क्वालिटी'. 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह', पण 'आय रिक्वेस्ट लीव्ह'. 'ॲन ऑर्डर फॉर टी', पण 'आय ऑर्डर्ड टी'. 'डिमांड फॉर', 'अटॅक ऑन', 'आन्सर टू', 'कॉन्टॅक्ट विथ' या सगळ्या नामाच्या जोड्या आहेत. क्रियापद झालं की मधला शब्द गळतो: 'डिमांड अ रिफंड', 'अटॅक द फोर्ट', 'आन्सर द क्वेश्चन', 'कॉन्टॅक्ट मी'.

ओळखायचं कसं? त्या शब्दाआधी 'अ', 'द' किंवा 'माय' आहे का पाहा. असेल तर ते नाम आहे, पुढे प्रीपोझिशन येऊ द्या.

काही ठिकाणी मात्र अर्थच बदलतो. खोलीत शिरलात तर 'एन्टर द रूम', करार केलात तर 'एन्टर इन्टू ॲन अग्रीमेंट'. पोलीस घराची झडती घेतात तेव्हा 'सर्च द हाऊस'. हरवलेली किल्ली शोधायची असेल तर 'सर्च फॉर द की'. घरभर किल्ली शोधली तर दोन्ही एकत्र: 'सर्च द हाऊस फॉर द की'.

'ला' आला की 'टू' लावू नका

'त्याने मला सांगितलं' याचं 'ही टोल्ड टू मी' होतं ते या 'ला'मुळे. टेल, आस्क, कॉल, मीट, मॅरी, रीच यांना 'टू' चालत नाही: 'ही टोल्ड मी', 'आय मेट हर', 'वी रीच्ड पुणे'. से, एक्स्प्लेन, सजेस्ट, रिप्लाय, लिसन, अपॉलोजाइझ यांना तो हवाच. म्हणून 'एक्स्प्लेन मी धिस' चूक, 'एक्स्प्लेन धिस टू मी' बरोबर. 'वेट'ला 'फॉर' लागतो; 'त्याची वाट पाहा' म्हणताना तो हमखास राहून जातो.

'मॅरी'कडे विशेष लक्ष द्या. 'शी मॅरीड अ डॉक्टर' किंवा 'शी इज मॅरीड टू अ डॉक्टर'. 'विथ' कुठेच नाही. 'मॅरीड विथ टू किड्स' असं कोणी लिहिलं असेल तर ती व्यक्ती विवाहित आहे आणि तिला दोन मुलं आहेत.

'टू'नंतर 'आयएनजी' कधी

'टू'नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं हा नियम एवढा घोटलेला असतो की 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' बिनदिक्कत लिहिलं जातं. इथला 'टू' प्रीपोझिशन आहे, त्यामुळे पुढे 'मीटिंग यू'. शंका आली की 'टू'नंतर 'इट' ठेवून पाहा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' हे वाक्य पूर्ण होतं, तेव्हा 'आयएनजी' लावा. 'आय वॉन्ट टू इट' होत नाही, तेव्हा मूळ रूप.

हीच कसोटी 'यूज्ड टू'चा घोळ सोडवते. 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली' म्हणजे मला लवकर उठायची सवय आहे. 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली' म्हणजे पूर्वी लवकर उठायचे, आता उठत नाही. एका 'ॲम'ने अर्थ उलटतो, आणि मुलाखतीत असं वाक्य अंगाशी येऊ शकतं.

जोडशब्दांचा दुसरा अर्धा भाग

मराठी वाक्य जोडीने चालतं: जरी–तरी, जर–तर, जेव्हा–तेव्हा, जोपर्यंत–तोपर्यंत. इंग्रजीत बहुतेक वेळा एकाच शब्दावर भागतं. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट' यातलं 'ऑल्दो' ठेवा नाहीतर 'बट' ठेवा. 'ॲज ही वॉज इल, सो ही डिड नॉट कम' यातलं 'सो' काढा. दहावी-बारावीला घोटून घेतलेल्या 'नो सूनर–दॅन', 'हार्डली–व्हेन', 'नॉट ओन्ली–बट ऑल्सो' या पक्क्या जोड्या तशाच राहतात. फक्त 'नो सूनर'बरोबर 'व्हेन' घेऊ नका. 'सूनर' हे तुलनेचं रूप आहे, आणि तुलनेला 'दॅन' लागतो.

सगळ्यात धोकादायक चूक 'अन्टिल'ची. 'मी सांगत नाही तोपर्यंत पैसे देऊ नका' यातला पहिला नकार मराठीला हवा असतो. इंग्रजीत तो आधीच 'अन्टिल'मध्ये आहे: 'डू नॉट पे अन्टिल आय टेल यू'. तिथे 'अन्टिल आय डोन्ट टेल यू' लिहिलं तर समोरचा बुचकळ्यात पडेल, आणि विषय पैशांचा असेल तर ते परवडणार नाही. 'अनलेस'चंही तेच, त्याच्या पोटातही नकार आहे.

आपला 'की'ही असाच मागोमाग येतो. 'त्याने विचारलं की तू कुठे चाललीस' याचं 'ही आस्क्ड दॅट व्हेअर आर यू गोइंग' करू नका. 'दॅट' काढा आणि शब्दक्रम साध्या विधानाचा ठेवा: 'ही आस्क्ड व्हेअर आय वॉज गोइंग'. 'इफ' आणि 'व्हेन' यांच्यानंतर भविष्यातली गोष्ट सांगताना 'विल' नको.

एक मेल दुरुस्त करू

समजा कोणी असं लिहिलं: 'ॲज डिस्कस्ड अबाउट ऑन फोन, आय ॲम वर्किंग इन धिस फील्ड सिन्स सिक्स इयर्स. आय रिक्वेस्ट फॉर अ मीटिंग. इफ यू विल कन्फर्म द टाइम, आय विल रीच टू युवर ऑफिस. लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.'

आता नीट केलेलं: 'ॲज वी डिस्कस्ड ऑन द फोन, आय हॅव बीन वर्किंग इन धिस फील्ड फॉर सिक्स इयर्स. आय वुड लाइक टू रिक्वेस्ट अ मीटिंग. इफ यू कन्फर्म द टाइम, आय विल कम टू युवर ऑफिस. आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू.'

यातली वर न आलेली मुख्य गोष्ट एकच. मराठीत '2019 पासून' आणि 'सहा वर्षांपासून' दोन्हींना 'पासून' चालतो. इंग्रजीत सुरुवातीच्या क्षणासाठी 'सिन्स' आणि कालावधीसाठी 'फॉर'. क्रियापद दोन्हीकडे 'हॅव बीन वर्किंग'.

शंका आली तर कुठे पाहायचं

इंग्रजी–मराठी शब्दकोश अर्थ देतो, क्रियापदानंतर काय येतं हे सहसा देत नाही. त्यासाठी परभाषकांसाठी केलेला इंग्रजी–इंग्रजी कोश हवा. जपानमध्ये इंग्रजी शिकवणारे ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांबरोबर असा कोश केला, तो 1942 साली टोकियोत छापला गेला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने पुन्हा काढला. क्रियापदांचे साचे दाखवणं हेच त्याचं वैशिष्ट्य होतं. आज असे कोश मोबाइलवर फुकट पाहता येतात. 'एक्स्प्लेन' उघडलंत तर अर्थाशेजारी 'समथिंग टू समबडी' असा साचा दिसेल. वहीत नुसतं 'एक्स्प्लेन म्हणजे समजावणे' लिहू नका. तो अख्खा साचा उतरवा आणि त्याखाली स्वतःच्या कामातलं एक वाक्य लिहा: 'आय एक्स्प्लेन्ड द बिल टू द कस्टमर'.