‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ कसा ऐकावा

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा हा १९७५चा अल्बम पहिल्यांदा ऐकत असाल, तर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’पासून सुरुवात करू नका. ते गाणं कानावरून गेलेलं असतंच. ते आधी लावलं की बाकीची अकरा गाणी उगाच पाहुण्यासारखी वाटायला लागतात, आणि माझा जीव तर त्या अकरांतच जास्त अडकलेला आहे.

आधी ‘गुड कंपनी’ लावा. गाणं पुढे सरकतं तसा जुन्या वळणाचा जॅझ बँड वाजू लागतो: क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन. यातलं एकही वाद्य तिथे नाही! ती सगळी क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याची इलेक्ट्रिक गिटार आहे, त्याने वडिलांच्या मदतीने घरी बनवलेली. तुकड्या-तुकड्याने वाजवून, एकावर एक चढवून त्याने अख्खा बँड उभा केला. सिंथेसायझर कुठेच नाही. आता तेच गाणं लगेच पुन्हा लावा आणि फक्त त्या ‘ट्रॉम्बोन’च्या मागे जा.

मग ‘सीसाइड राँदेव्हू’. यातल्या फुंकवाद्यांचे आवाज गायक फ्रेडी मर्क्युरी आणि ड्रमर रॉजर टेलर यांनी तोंडाने काढलेत. टॅप डान्सही पायांचा नाही, बोटांत घातलेल्या अंगुस्तानांचा आहे.

एवढी ओळख झाली की अल्बम पहिल्यापासून, क्रम न मोडता ऐका. शफल बंद. चिडलेल्या रॉकनंतर मिनिटभराचं नाटकी गाणं, मग गाडीवरचं प्रेम, मग बास गिटारवाल्या जॉन डिकनचा इलेक्ट्रिक पियानो, मग अवकाशप्रवासावरचं लोकगीताच्या चालीचं ‘थर्टी-नाइन’. बँडमधल्या चौघांनीही गाणी लिहिली आहेत, त्यामुळे वळणं अशी झपाझप येतात. गोंधळायला झालं तर मागे गाणारे आवाज पकडा. फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर या तिघांच्या गळ्यांची ती वीण सोबत असली की कुठल्याही वळणावर चुकायला होत नाही. (‘स्वीट लेडी’ मला आजही फिकं वाटतं. तरी वगळू नका, त्याच्या दणदणाटानंतर ‘सीसाइड’ जास्त खुलतं.)

‘द प्रॉफेट्स साँग’ला मात्र हेडफोन हवाच. आठ मिनिटांहून मोठं गाणं, आणि मध्येच सगळी वाद्यं गप्प होतात. उरतो फ्रेडीचा आवाज. तो थोड्या उशिराने परत येतो, आणि फ्रेडी त्या परतलेल्या आवाजावर पुन्हा गातो. डावीकडे एक, उजवीकडे एक. इथे डोळे मिटा, फोन हातात घेऊ नका. गाणं संपताना न थांबता ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ सुरू होतं. त्यातली हार्पही ब्रायनचीच. तिच्या तारा सारख्या उतरायच्या, म्हणून त्याने एकेक कॉर्ड वेगळी रेकॉर्ड केली.

आता ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आपल्या जागी येईल, शेवटून दुसरी. तिच्यातल्या ऑपेराच्या भागात तेच तीन गळे आहेत. आता ते तुम्ही वेगवेगळे ओळखाल.