आबांच्या ब्रशाला बाभळीची मूठ

आबांचा हात आता थरथरतो, पण न्हाव्याकडे जायचं नाही, दाढी स्वतःच करायची हा हट्ट कायम आहे. प्लॅस्टिकचा गुळगुळीत ब्रश साबणाच्या हातातून सटकायचा आणि दिवसाआड मोरीत पडायचा. ब्रशाचे केस चांगले होते, म्हटलं मूठ तेवढी बदलून बघू. तेव्हापासून जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात आमच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसून मी चौदा-पंधरा मुठी घडवल्या. लेथ नाही, करवत, गिरमिट, पटाशी आणि दोन कानशी, बस. (आत बसून कानस घासायची नाही, हा घरचा हुकूम आहे. दळणात भुसा गेला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल.)

पहिली मूठ कडुनिंबाची केली. श्रावणात तोडलेली फांदी, हाताला मऊ, कापायला सोपी. दिवाळीपर्यंत देखणी राहिली. एप्रिलात आपल्याकडचं ऊन लागलं आणि वरपासून बुडापर्यंत उभा तडा गेला. ओलं लाकूड वाळताना वलयांच्या दिशेनं जास्त आकसतं, आणि मी तर फांदीचा गाभा मधोमध ठेवला होता. आबा बघून म्हणाले, "वलं लाकूड व्हतं ते. तडकी नई त काय व्हई?"

तेव्हा वाळलेलंच घ्या. मला सगळ्यात पटलं ते मोडक्या बैलगाडीच्या चाकाचा आरा. टायरच्या गाड्या आल्या तशी लाकडी चाकं गोठ्यामागे पडून आहेत, कोणीही देतं. जुने आरे बहुतेक बाभळीचे, कितीतरी उन्हाळे खाल्लेले, आता त्यांचं आकसणं संपलेलं. खिळा आहे का ते आधी चाचपा, नाहीतर करवतीचे दात जातील. साग घडवायला सोपा पण हलका, ब्रश उभा ठेवला की डुलतो. सातपुड्याकडचा अंजन इतका जड की पाण्यात बुडतो. त्याची मूठ एकदाच केली, दोन दिवस कानस नुसती घसरत होती.

आरा चौरस करून ३६ मिलिमीटर जाडीचा ठोकळा काढा. लांबी मात्र १०० ठेवा, मूठ ६० चीच होणार असली तरी. जास्तीचा भाग शिकंज्यात धरायला लागतो. शिकंजा नसेल तर सुतार धरतात तसं दोन पायांच्या तळव्यांत.

भोक आधी पाडायचं, आकार नंतर. चौकोनी ठोकळा हलत नाही, गोल झालेला गिरमिटाखाली फिरतो. टोकावर दोन कर्ण आखून मधला बिंदू घ्या आणि केसांच्या गुच्छाचं बूड मोजून त्याहून किंचित मोठं भोक १४ मिलिमीटर खोल पाडा. माझा गुच्छ २३ चा होता, भोक २४ चं. मापाला पाच रुपयांचं जुनं नाणं वापरतो, तेही २३ मिलिमीटरचंच असतं; नवं घेऊ नका, ते मोठं आहे. नाणं सैल पडून जराशी जागा उरली की बरोबर. मोठं पातं नसेल तर कडेनं बारीक भोकं पाडून मधला भाग गोल पटाशीनं काढा.

आता अष्टकोन. इथे अंदाजानं कोपरे उडवू नका. बाजूची रुंदी ७, १०, ७ अशा वाट्यांत विभागा. ३६ च्या ठोकळ्यावर दोन्ही कडांपासून साडेदहा मिलिमीटरवर रेघा मारा, मधे १५ उरतात. चारही बाजूंना अशा रेघा आखून त्यांच्यामधला कोपरा उतरवला की आठही बाजू सारख्या येतात. गोल मूठ हवी असेल तर पुढे सोळा बाजू करून घासत जा. मी आबांसाठी आठवरच थांबलो. गोल मूठ साबणात फिरते. पैलूंवर बोट टेकतं आणि आडवा ठेवलेला ब्रश गडगडत नाही.

कंबर, म्हणजे मुठीचा बारीक भाग, काढताना भोकाची खोली विसरू नका. मी एकदा वरून १० मिलिमीटरवरच कानस लावली. छान नाजूक कंबर येत होती, आणि एकाएकी बाजूनं उजेड दिसला. भोक फोडून आलो होतो. आता वरून २४ मिलिमीटरवर पेन्सिलीची रेघ मारतो आणि कंबर तिथंच. कानस नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे; उलटी चालवली की रेषा उचकटतात.

८०, १२०, २२० असा पॉलिश पेपर फिरवा. मधे ओल्या फडक्यानं पुसा, लव उभी राहील, वाळली की पुन्हा घासा. मग जास्तीचा भाग कापून बूड सपाट करा.

स्पिरिटमधली लाख लावू नका. चमक बघून मोह होतो, पण गरम पाण्यानं ती पांढरी पडते. रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल घ्या. स्वयंपाकाचं लवकर वाळत नाही. पातळ हात द्या, जास्तीचं पुसा, दिवसभर थांबा, असे पाच-सहा हात. बूड सगळ्यात जास्त तेल पितं, त्याला पिऊ द्या. तेलाचं फडकं मात्र चुरगाळून टाकू नका. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं आणि तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. ज्यांच्या घरात कापूस भरलेला असतो त्यांना जास्त सांगायला नको.

जुना ब्रश सोडवताना प्लॅस्टिक बाजूनं उभं कापा, आडवं नाही. मी पहिल्यांदा आडवी करवत घातली, गुच्छाच्या बुडाची डिंकाची चकती कापली गेली आणि केस सगळ्या ओट्यावर.

गुच्छ आधी कोरडा बसवून बघा. केस साधारण ५० मिलिमीटर बाहेर राहावेत. जास्त खोल गेला तर ब्रश कडक होतो. मग इपॉक्सी या चिकटवायच्या डिंकाच्या दोन्ही नळ्यांतून सारखं घेऊन कालवा आणि भोकाच्या भिंतींनाही फासा, म्हणजे आत पाणी शिरत नाही. गुच्छ फिरवत दाबा, हवा निघते. चारही बाजूंनी सरळ दिसतो ना बघा आणि रात्रभर हात लावू नका.

आबांनी पहिल्याच दिवशी ब्रश मुठीसकट मगात बुडवून ठेवला. सांगून उपयोग नाही, म्हणून दर दिवाळीला बुडाला तेलाचा एक हात देतो.