घरी बांधलेल्या विमानाच्या रोटरी इंजिनातील तेल कुठे जाते, हे कसे शोधावे

अमेरिकेतील हौशी विमानबांधणी करणाऱ्यांपैकी काही जण माझदा मोटारीचे १३बी हे दोन रोटरांचे व्हँकेल (रोटरी) इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणारे इंजिन, आपल्या विमानात बसवतात. पहिल्या महायुद्धातील विमानांची रोटरी इंजिने निराळी होती. त्यांत सिलिंडरच फिरत असत आणि एरंडेल तेल एकदा वापरले की बाहेर फेकले जात असे. येथे विचार केला आहे तो केवळ व्हँकेल इंजिनाचा.

या इंजिनातील तेल कमी होणे हा नेहमीच दोष नसतो, म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी आपल्या इंजिनाने किती तेल खाणे अपेक्षित आहे हे ठरवावे. मूळ रचनेत ऑइल मीटरिंग पंप ऑइल पॅनमधील (इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्यातील) थोडे तेल रोटरांच्या टोकांवरील सीलांसाठी ज्वलनकक्षात सोडतो आणि ते तेथे जळून जाते. मोटारीपेक्षा विमानात इंजिन तासन्‌तास जास्त फेऱ्यांवर आणि जास्त भारावर चालत असल्याने हा खपही साहजिकच वाढतो. अनेक जण हा पंप काढून टाकतात आणि दर १०० लिटर पेट्रोलमध्ये साधारण पाऊण ते एक लिटर टू-स्ट्रोक तेल मिसळतात. अशा इंजिनात पॅनमधील पातळी जवळजवळ स्थिर राहिली पाहिजे, त्यामुळे ती खाली जाऊ लागली तर तेल कुठेतरी वाया जात आहे असेच समजावे.

त्यानंतर मोजमाप करावे. विमान प्रत्येक वेळी त्याच सपाट जागी, त्याच स्थितीत उभे करावे, इंजिन बंद केल्यावर तेल खाली उतरण्यास ठरावीक वेळ द्यावा आणि डिपस्टिकवरील पातळी उड्डाणाच्या तासांसह वहीत नोंदवावी. शेपटीच्या चाकावर टेकलेल्या विमानात पॅन तिरका असतो. पातळी कधी त्या स्थितीत आणि कधी शेपूट उचलून पाहिली, तर सगळी नोंद निरुपयोगी ठरते.

बाहेरची गळती शोधताना इंजिन आधी पूर्ण धुऊन कोरडे करावे. विमान पक्के बांधून, चाकांना अडसर लावून आणि पंख्याच्या जवळपास कोणालाही येऊ न देता ते काही मिनिटेच चालवावे, कारण जास्त वेळ चालवल्यास पंख्याचा वारा तेल मागे पसरवतो आणि सगळेच ओले दिसते. संशयाच्या जागी टाल्कम पावडर उडवली असेल तर पहिला डाग स्पष्ट उमटतो. सर्वांत खालचा थेंब नव्हे, तर सर्वांत पुढचा आणि सर्वांत वरचा ओला ठिपका मूळ मानावा. ऑइल पॅनची कड, तेलाच्या फिल्टरखालील बैठकीच्या ओ-रिंगा (सांध्यांतील गोल रबरी कड्या), मागील सील, कूलरच्या नळ्यांचे जोड आणि टर्बो असल्यास त्याची परतीची नळी ही नेहमीची ठिकाणे आहेत. पंख्याची गती कमी करणारा गिअरबॉक्स इंजिनाचेच तेल वापरत असेल तर त्याचे सीलही तपासावे. या इंजिनाचा एक्झॉस्ट अतिशय तापतो, म्हणून त्याच्या वर किंवा जवळ गळती आढळली तर ती थांबेपर्यंत उड्डाण करू नये.

पोटाखाली तेलाचे ओघळ आहेत पण इंजिन कोरडे आहे, अशा वेळी संशय ब्रीदरवर, म्हणजे इंजिनातील वाफा बाहेर सोडणाऱ्या वाटेवर, घ्यावा. त्याच्या नळीच्या टोकाला तात्पुरती बाटली जोडून जमिनीवरील चाचणीत साचलेले तेल मोजावे. पॅन गरजेपेक्षा जास्त भरलेला असणे हे सर्वांत सोपे कारण होय, आणि काही वेळा पातळी थोडी कमी ठेवताच गळती आपोआप थांबते. तेवढ्याने भागले नाही तर नळीचे टोक हवेच्या प्रवाहात कसे उघडते ते पाहावे, कारण तेथे कमी दाब असेल तर तेल शोषले जाते. थंडीत टोकाशी बर्फ जमून दाब वाढू नये म्हणून काउलिंगच्या (इंजिनावरील आवरणाच्या) आतील उबदार भागात नळीला एक छोटी खाच ठेवणे हितकारक असते.

वरील दोन्ही वाटा बंद असतील तर तेल जळत आहे. इंजिन सुरू करताना किंवा थ्रॉटल एकदम मिटल्यावर निळा धूर येतो का ते पाहावे, आणि सर्व स्पार्क प्लग काढून रोटरनुसार ओळीने मांडावेत. एकाच रोटरचे प्लग तेलकट निघाले तर शोध त्या रोटरपुरताच उरतो. रोटरच्या दोन्ही बाजूंना तेल अडवणाऱ्या रिंगा असतात आणि त्यांच्यामागे रबरी ओ-रिंगा असतात. तेल अतिशय तापले की हे रबर कडक होते आणि रिंगांना कक्षाच्या बाजूच्या भिंतींशी नीट टेकू देत नाही, मग कितीही जाड तेल घातले तरी खप कमी होत नाही. मात्र, तेलाचा दाब कमी आणि पातळी मात्र कायम असेल तर दोष वेगळा आहे: पुढील झाकणाच्या आतील छोटी ओ-रिंग फाटली की तेल आतल्या आत पॅनमध्येच परतते.

ओ-रिंगा बदलण्यासाठी संपूर्ण इंजिन खोलावे लागते. या इंजिनात रोटर तेलानेच थंड होतात, त्यामुळे एवढे काम करण्याआधी ऑइल कूलरला पुरेशी हवा मिळते का आणि चढाईत तेलाचे तापमान साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आत राहते का, याची खातरजमा करावी. अन्यथा नव्या रिंगाही थोड्याच काळात कडक होतील.