ट्यूडर गाऊनचा कच्चा नमुना शिवताना या चुका टाळा

चित्रकार हान्स होल्बाइनने १५३६-३७ च्या सुमारास रंगवलेल्या, इंग्लंडच्या ट्यूडर घराण्यातील राजा आठव्या हेन्रीची राणी जेन सीमोर हिच्या चित्रात लाल मखमली गाऊनचा चौकोनी गळा छातीवर अगदी सपाट बसलेला आहे. कुठे झोळ नाही की सुरकुती नाही. तसा गाऊन शिवायचा तर मखमलीला कात्री लावण्याआधी मांजरपाटाचा नमुना शिवून पाहायलाच हवा. मात्र बहुतेक जण तो रोजच्या कपड्यांवर घालून पाहतात, आणि सर्वांत महागात पडणारी चूक तिथेच होते. त्या पेहरावात लिननच्या स्मॉकवर (अंगालगतच्या सैल झग्यावर) घट्ट, ताठ किर्टल (गाऊनखालचा झगा) असे आणि अंगाला आकार देण्याचे मुख्य काम तेच करी. किर्टल चढवले की छाती दाबली जाऊन थोडी वर सरकते व मापे बदलतात. म्हणून आधी किर्टल पूर्ण शिवावे आणि गाऊनची मापे त्यावरूनच घ्यावीत.

नमुना छातीवर सैल वाटला की हात सवयीने टक्स घालायला जातो. या काळच्या गाऊनला छातीवर टक्स नसत. जादा कापड बाजूच्या शिवणीत घ्यावे आणि नमुन्याचा वरचा भाग दुहेरी करून आत बकरम (ताठ कापड) घालावे. एकेरी मांजरपाट दुमडते आणि नसलेले दोष दाखवते.

खांद्याची पट्टी घसरते, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. माझ्या पहिल्या नमुन्यात मी पट्टी एक सेंटीमीटरने, मग आणखी एकाने आखूड केली. त्याने गळा वर ओढला गेला, मुंढा (बाही जोडायची कड) काखेत रुतू लागला आणि पट्टी घसरायची ती घसरतच राहिली. शेवटी पाठीकडची शिवण उसवून पट्टीचे टोक मध्यरेषेच्या बाजूला अडीच सेंटीमीटर सरकवले, तेव्हा ती जागेवर बसली. दोष समोर दिसत होता, कारण मात्र पाठीत होते. गळ्याची कडा ताणली जाऊ नये म्हणून तिच्यावर सुती फीत आधीच टाचून घ्यावी.

मुंढा काचतो म्हणून तो खाली खोल कापणे ही तशीच दिशाभूल करणारी दुरुस्ती आहे. मुंढा खोल झाला की हात उचलताना अख्खा वरचा भाग हाताबरोबर वर येतो. काखेखाली मांजरपाटाचा तुकडा जोडून मुंढा उंच करावा आणि जिथे खरोखर रुतते तिथे, म्हणजे बहुधा पुढच्या बाजूला, थोडेच कोरावे. हात मोकळा झाल्याचे लगेच जाणवते.

नमुना हलका असतो, गाऊन नसतो. उलटवलेल्या रुंद बाह्या, अस्तर आणि मागे लोळणारा घोळ यांचे वजन खांदे व कंबर खाली ओढते. त्यासाठी प्रत्येक बाहीला घडी घातलेला जाड टॉवेल व कमरेला जुनी चादर टाचावी, अर्धा तास बसावे, चालावे, आणि मगच कमरेची रेषा आखावी.

घेराची लांबी ठरवण्याआधी दशक ठरवावे. फार्दिंगेल या कड्यांच्या परकराची इंग्लंडमधली सर्वांत जुनी ज्ञात नोंद १५४५ ची आहे, आणि राजकन्या एलिझाबेथच्या १५४६ च्या सुमाराच्या चित्रात घेराचा तो शंकूसारखा आकार दिसतो. जेन सीमोरसारख्या गाऊनखाली कडी घातली तर घेर चुकतो आणि पुढची कडाही वर उचलली जाते.

सर्व खुणा कापडावरच पेनाने कराव्यात. नंतर नमुना उसवून, इस्त्री करून प्रत्येक तुकडा कागदावर उतरवावा, शिवणीची माया (कडेचे जादा कापड) त्यानंतर वाढवावी आणि मखमलीची लव एकाच दिशेला राहावी म्हणून प्रत्येक कागदावर बाण काढावा.